नळीचं दुसरं टोक

"जरा हे टोक धरता का?"

मागे वळून पाहिलं, तर निळ्या रंगाचे डाग पडलेला शर्ट, आणि त्यात एक उंच, ओशाळलेला माणूस. हातात पाण्यानं भरलेली लांबलचक पारदर्शक नळी. माझे हात कोपरापर्यंत पिठात. आमची पावाची भट्टी आहे, सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते.

"तुमच्याकडे माणूस नाही?"

"जोडीदार तापानं पडलाय. आणि ही नळी एकट्याचं ऐकत नाही."

तो रेषेवाला होता. समुद्र वर्षागणिक आत येत होता. बंधारे घालून थकलेल्या गावानं शेवटी सभेत ठरवलं: पुढेमागे पाणी जिथवर चढणार, तिथं भिंतींवर निळी रेष ओढायची. रेष ज्या घरावर येईल, त्यातल्यांनी घर सोडून शेजाऱ्यांसकट पठारावरच्या नव्या वस्तीत जायचं. ठराव सगळ्यांना पटला होता... फक्त स्वतःच्या घरापुरता नाही.

चढणाऱ्या पाण्याची पक्की खूण केलेल्या खांबापाशी तो एक टोक धरायचा, दुसरं मी भिंतीला. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबलं की मी खडूनं ठिपका द्यायचा.

"टोकावरचा अंगठा काढा. हवा कोंडली की पाणी खोटं बोलतं."

"काढला."

"आता हलू नका."

"मी कुठं हलतेय? तुम्हीच हसताय."

जोडीदाराचा ताप उतरला, तरी टोक माझ्याच हातात राहिलं. तो मला 'पीठवाली' म्हणू लागला. गरम पावानं रोज जीभ भाजून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हाला कळलंसुद्धा नाही.

आमचं घर चढावरचं, गल्लीतलं शेवटचं. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. तो समोरच्या खांबापाशी उभा, पापण्यांवर थेंब... आणि नजर माझ्याकडे. मी ठिपका दिला. उंबऱ्याच्या खाली! घर वाचलं होतं.

बाबांनी गल्लीभर पाव वाटले. "धूर केला जगानं, आणि विझवायची माझ्या बापानं बांधलेली भट्टी?" ते सांगत सुटले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम संपलं की इथंच राहा. पोरीचं लग्न याच अंगणात करीन." माझे कान तापले. ते मी भट्टीच्या धगीवर ढकललं.

चार दिवसांनी तो आला, तो नळी घेऊनच. पावाला हात लावला नाही.

"काका, पुन्हा मोजायला हवं. शेजारी रेष गुडघ्याला आणि इथं उंबऱ्याखाली... एवढा चढ नाही इथं."

मी त्याला बाजूला ओढलं. "चुकलं कुठं?"

"तुझा अंगठा टोकावर होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"अंगठ्याला पीठ लागलं होतं..." तो खाली बघत म्हणाला. "मी तेच बघत राहिलो. पाण्याकडे बघितलंच नाही."

एरवी हे ऐकून मी दिवसभर हवेत असते. त्या दिवशी रडू आलं.

मी पुन्हा टोक धरलं. दारात बाबा उभे होते. समोर तो म्हणाला, "अंगठा—" पुढचं त्यानं माझ्यावर सोडलं.

अंगठा राहू दिला असता, तर भट्टी राहिली असती, अंगण राहिलं असतं, आणि तोही. फक्त एक दिवस पाणी आलं असतं, बहुधा बाबा झोपेत असताना.

मी अंगठा काढला. पाणी सरसर वर चढलं आणि माझ्या गुडघ्याशी येऊन थांबलं.

निखारे ओढून काढताना बाबा म्हणाले, "माणूस खरा आहे. कळतं मला. पण रोज त्याचं तोंड बघितलं की मला ही विझलेली भट्टी दिसेल गं." बाबांना आता मीच होते.

त्याला पुढच्या किनाऱ्यावर जायचं होतं. तिथंही भिंती वाट बघत होत्या.

"पठारावर येऊ?" त्यानं विचारलं.

"...नको येऊस."

त्यानं माझा हात हातात घेतला. मग माझ्या अंगठ्यावरचं पीठ आपल्या शर्टाला पुसलं आणि निघाला. मी हाक मारली नाही. मारली असती तर तो वळला असता.

पठारावर सगळी गल्ली पुन्हा शेजारीशेजारी वसली. बाबा आता हसतातही कधीकधी. परवा नव्या भट्टीचा पाया घालताना गवंडी म्हणाला, "ताई, जरा नळीचं टोक धरा."

मी धरलं. न सांगता अंगठा काढला, अजिबात हलले नाही, आणि समोर बघितलं.

दुसऱ्या टोकाला गवंडी होता.