ओळ झेलणारी

नोलाच्या दुसऱ्या अल्बमचं वेष्टन गाणी पुरी व्हायच्या आधीच छापून आलं. त्यावर निळ्या चौकड्यांच्या झग्यात नोला कुंपणाला रेलून हसत होती. झगा ओलेटानं शिवलेला, केस ओलेटानं विंचरलेले. फोटो काढताना वाऱ्यानं घेर उडू नये म्हणून कुंपणाआड उकिडवं बसून तो धरून ठेवला होता, तोही थोरल्या बहिणीनं, ओलेटानंच. वेष्टनावर नाव मात्र एकच होतं.

"झगा काय सुरेख दिसतोय गं, लेटी!"

"झगाच सुरेख दिसतोय."

नोला खळखळून हसली. धाकटीला टोमणा कधी लागतच नसे. ओलेटाला त्याचाही हेवा वाटे.

नॅशव्हिलची जुलैमधली दुपार. आवाज नको म्हणून स्टुडिओतला पंखा बंद केलेला, भिंतींना जाड रजया ठोकलेल्या. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे मिस्टर हॉयट कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकून घोट घेत बसले होते. वादकांचं काम आटपलं होतं. एकच गाणं उरलं होतं, आणि त्याला वाद्य नव्हतंच.

ते केंटकीच्या डोंगरातलं, या बहिणींच्या चर्चमधलं गाणं. तिथं एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची आणि दरीत धुकं पसरावं तशी लांबवत न्यायची. टाकलेली ओळ कुणी तशीच पडू देत नाही. आजारी माणूससुद्धा पुटपुटून का होईना, पण झेलतं. का, ते कुणी विचारत नाही.

वडिलांनी हे गाणं ओलेटाला दिलं होतं. तिनं ते भांडी विसळता विसळता नोलाला शिकवलं. आज ओळ टाकणार होती नोला, आणि ओलेटानं मागं उभं राहून झेलायची.

"पोरींनो, झाली का तयारी?" हॉयट म्हणाले. "ओलेटा, फार जोर लावू नकोस हं. नोला झाकली जायला नको."

ओलेटाच्या मनात काहीतरी आंबलं, नासलं. झाकली जायला नको? बरं. नाहीच झाकत.

नोलानं डोळे मिटून ओळ टाकली. ओलेटानं नुसते ओठ हलवले. घशातून सूर काढला नाही. पडू दे तिची ओळ एकटी, तिलाही कळू दे आपल्याविना कसं ओकंबोकं वाटतं ते. ओळीमागून ओळ आली, आणि दर ओळीनंतर ओलेटाच्या कानांत नुसती शांतता भरत गेली.

गाणं संपलं. नोलाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय गायलीस गं आज!"

ओलेटाला वाटलं, ही थट्टा करतेय. नोलाला थट्टा करता येत नसे.

हॉयटनी फीत मागं नेऊन पुन्हा लावली. नोलाची ओळ आली. मग मागून दुसरा आवाज उठला. जुना, खरबरीत, पाण्यात भिजलेल्या दोरासारखा. एकेका शब्दाला तो असा काही ओढत होता की नोलाचं गाणं त्याच्यापुढं पोरसवदा वाटायला लागलं.

"हे इतके दिवस कुठं लपवलं होतंस?" हॉयट उठून उभे राहिले. "नोला, तू जेवून ये. ओलेटा, हेच गाणं एकटीनं म्हण. आत्ताच्या निम्मं जरी उतरलं, तरी तुझ्या नावाचा अल्बम काढतो. शब्द देतो."

एवढंच ऐकायला ती जन्मभर थांबली होती. मी गायलेच नाही, असं सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही.

"जा गं, लेटी," नोलानं तिचा गाल कुरवाळला. "मी मक्याची भाकरी आणते तुझ्यासाठी."

दार लागलं.

ओलेटा पुढच्या माइकपाशी आली. जन्मभर नोलाचा हेवा करून दमलेलं ते मन आता फितीतल्या आवाजाचा हेवा करत होतं. त्याच्याहून चांगलं म्हणायचं. त्याला झाकून टाकायचं.

तिनं छाती भरून ओळ टाकली.

ओळ झेलली गेली.

या वेळी तिला ऐकू आलं. अगदी मानेमागं.

तिनं दुसरी ओळ टाकली, आणखी मोठ्यानं. मागचा आवाज घाई न करता उठला आणि तिच्या आवाजावर शालीसारखा पसरला.

तिसऱ्या ओळीला तिचा सूर फाटला.

काचेपलीकडे हॉयटनी हात वर केला. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून मागं बघत होते, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

"ओलेटा," ते हळू म्हणाले, "तू जरा मागं हो बेटा. त्या बाईंना पुढं येऊ दे."

ओलेटानं मान वळवली. मागं भिंतीपर्यंत जागा मोकळी होती.

ती मागं सरली. तरी तिला थोडा वळसा घालूनच जावं लागलं.