गाण्याखालचा आवाज

कोमल, तो मोबाईल जरा खाली ठेव. आत्ता काय केलंस ते पुन्हा सांग. हळदीच्या कुकरची वाफ टिपलीस, मागं तुझी आई बोलत होती तिचा आवाज बंद केलास, वर सिनेमाचं गाणं टाकलंस. झालं रील. बरं. मग आईचा आवाज गेला कुठं?

हसू नको बालाजी, लाकूड सरकव आत. ही हळद शिजायला अजून तासभर आहे, तोवर सांगतो. ऐकीव नाही सांगत. ज्याच्यावर गुदरली तो देविदास माझा शेजारी, आणि त्या रात्री कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

साल दोन हजार चार. सतरा फेब्रुवारी, मंगळवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती, म्हणून तारीख पक्की ध्यानात आहे. हिंगोलीत एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत माझं सायकलचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून देविदासचं लग्नाच्या शूटिंगचं. एक शटर, खिडकी नाही, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. आत बोललं तर आपलाच आवाज तोंडासमोर पडून राहायचा. मी म्हणायचो, "देवा, हे माणसाचं दुकान हाय का कोंबड्याचं खुराडं?"

संध्याकाळी सहाला त्याच्या बंजारा तांड्यावरची भिकाबाई आली. पदरात लग्नाची सीडी गुंडाळलेली. तिची एकुलती एक पोरगी मिना. वर्षापूर्वी तिचं लग्न झालं, शूटिंग देविदासनंच केलेलं. आठ महिन्यांनी सासरहून निरोप आला, तापानं गेली म्हणून. ज्या खोलीत गेली तिला बाहेरून कडी होती, हे मागाहून कळलं. तोवर सगळं उरकलं होतं.

भिकाबाई म्हणाली, "देवा, माझ्या मिनाचा ढावलो पाहिजे."

ढावलो म्हणजे काय ते सांगतो. तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. आधी याडी, म्हणजे आई. मग बाप, मग भाऊ. ज्याच्या गळ्यात पडली त्यानं तिचं म्हणणं संपेपर्यंत हलायचं नाही, ही रीत.

देविदासनं मान खाली घातली. "काकी, त्याच्यावर गाणं टाकलं हाय."

"मला ठावं हाय. त्या गाण्याच्या खाली माझं लेकरू हाय. काढून दे."

त्या काळी पाठवणीवर सगळेच गाणं टाकायचे. मूळ कॅसेट पुसून तिच्यावर दुसरं लग्न भरून झालं होतं. म्हणजे मिनाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, देविदासच्या जुन्या कॉम्प्युटरात. आणि तो कॉम्प्युटर त्यानं विकायला काढलेला. सकाळी आठला वाशिमचा माणूस न्यायला येणार. हातात रात्र एकच.

मला त्यानं काम समजावलं ते असं. चित्र जोडायच्या प्रोग्राममध्ये आवाजाच्या पट्ट्या एकाखाली एक असतात. पहिलीवर गाणं, दुसरीवर बँड, तिसरीवर नवरीजवळच्या माईकचा आवाज, बंद करून ठेवलेला. तिथं आवाज साफ होत नाही. ती पट्टी उचलायची, सुरुवातीला खुणेची एक 'पीं' लावायची आणि आवाजाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायची. तिथं बँड दाबायचा आणि माणूस वर काढायचा.

दहानंतर उघडं दुकान दिसलं की गस्तवाले बंद करायला लावायचे. म्हणून त्यानंच सांगितलं, "सोनाजीदादा, भाईरून कुलूप लावून घ्या. पहाटं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघताना उघडा."

"चारला येतो बराबर," मी म्हणालो. दहा वाजून पाच मिनिटांनी कुलूप लावलं आणि घरी जाऊन झोपलो.

आतलं पुढचं सगळं देविदासनं मला एकदाच सांगितलं. मीही जास्त विचारलं नाही.

त्यानं गाणं बंद केलं, तिसरी पट्टी चालू केली. अकरा मिनिटांचा आवाज दुसऱ्या प्रोग्राममध्ये आला. कानाला हेडफोन लावले. पीं वाजली आणि मिना याडीच्या गळ्यात पडली.

आता नीट ऐका. त्या ढावल्यात एक वाक्य होतं जे ढावल्यातलं नव्हतं. "याडी, त्याच्या पहिल्या बायकूला त्यांनी कोंडून घातलं व्हतं. मला आज कळलं. मला नको धाडू." सुरातच म्हणाली पोरगी. बँड असा कडाडत होता की आईच्या कानापर्यंत पोचलंच नाही. आणि बाकीच्यांना काय, नवरीनं रडायचीच रीत. खरं रडणं कोण ओळखणार? माईक मात्र गळ्याशी होता.

देविदासनं ते वाक्य वर्षापूर्वीच ऐकलं होतं. लग्नानंतर दोन दिवसांनी, याच खोलीत, याच खुर्चीवर. लग्न तर लागलं, आता कशाला उकरायचं, म्हणून त्यानं बटण दाबलं आणि वर गाणं टाकलं. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता. तुमच्याआमच्यासारखा.

आता तेच वाक्य भिकाबाईच्या हातात द्यायचं? त्याची हिंमत झाली नाही. त्यानं ठरवलं, तेवढं कापावं, बाकीचं द्यावं. कापलं. वेळ बघितली.

अकरा मिनिटांची फाइल एकोणीस मिनिटांची झाली होती.

काहीतरी चुकलं म्हणून त्यानं पट्टी पुन्हा आणली. पीं. पुन्हा तेच वाक्य कापलं. सव्वीस मिनिटं.

ही जास्तीची मिनिटं आली कुठून, म्हणून त्यानं शेवटचा भाग लावला. ढावलो संपला. गाडीचं दार लागलं. मग शांत. पण ती शांतता मांडवातली नव्हती. बंद खोलीतली होती. जवळच कुणीतरी श्वास घेऊन राहिलं होतं.

टक… टक… टक…

लाकडी दारावर. सावकाश. बाहेरच्या माणसाला राग येऊ नये, असं.

देविदासनं हेडफोन काढले.

टक… टक…

आता पत्र्यावर. शटरवर. आधी त्याला वाटलं, मीच आलो. "दादा?" त्यानं हाक मारली. ठोका तसाच पडत राहिला. मग त्यानं शटरकडं बघितलं. पत्रा बाहेरच्या बाजूला हलत होता.

म्हणजे ठोका आतून पडत होता.

आत तो एकटा.

दोन वाजले आणि लाइट गेली. लोडशेडिंग. बॅटरीवर पडदा थोडा वेळ जळला, मग तोही विझला. आता काही दिसेना. देविदास उठला. शटर दोन्ही हातांनी हलवलं. ओरडला. माझं नाव घेऊन ओरडला. पुठ्ठ्यांनी सगळं गिळलं. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

चाचपडत खुर्चीवर येऊन बसला.

कॉम्प्युटर बंद. हेडफोन टेबलावर.

पीं.

मग गळ्याभोवती दोन हात. बांगड्या थंड लागल्या. खांद्यावर ओलं…

"भिया…"

भाऊ. तांड्याच्या नात्यानं तो तिचा भाऊच.

"भिया, तू ऐकलं व्हतंस…"

तो हलला नाही. हलता आलं नाही. ढावलो अर्ध्यात सोडायचा नसतो.

"तू ऐकलं व्हतंस… काहून न्हाई सांगितलं…"

पुन्हा. आणि पुन्हा. किती वेळ, त्याला ठावं नाही. तेवढंच.

आणि मी? मी झोपलो होतो. चारचा गजर बंद करून पुन्हा झोपलो. सकाळी साडेसहाला धावत आलो. कुलपात किल्ली अडकली, दोनदा खडखड केली, शटर वर लोटलं. देविदास खुर्चीत बसलेला, मान एका बाजूला कलती, जशी कुणी गळ्यात पडल्यावर होते. उजवा खांदा ओलाचिंब. मला लाज वाटली. म्हणालो, "देवा… उशीर झाला रे."

सातला लाइट आली. त्यानं कॉम्प्युटर लावला. फाइल तिथंच होती, आपोआप सांभाळून ठेवलेली. कापलेलं वाक्य पुन्हा जागेवर होतं. चाळीस मिनिटं. त्यानं हात जोडले आणि जशीच्या तशी सीडीवर उतरवली. आठला वाशिमचा माणूस कॉम्प्युटर घेऊन गेला. आता देविदास सेनगावला पिठाची गिरणी चालवतो. आवाजात बरं वाटतं म्हणतो.

माझं औंढ्याला जाणं राहिलं. दुपारी आम्ही दोघं तांड्यावर गेलो. भिकाबाईनं सीडी लावली, पोरीचा आवाज आला आणि ती भिंतीला टेकून बसली. ते वाक्य आलं. तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. मग देविदासकडं बघितलं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय काकी." आणि तो लहान पोरासारखा रडला. ती रडली नाही. त्याला माफ केलं असंही म्हणाली नाही.

अकरा मिनिटं संपली. देविदास बंद करायला उठला. भिकाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. पोरगी बोलून राहिली."

शांतता. श्वास. टक… टक… तिनं एकेक ठोका ऐकला. आम्हीही ऐकला. बाहेर शेरडं ओरडत होती, कुणी उठलं नाही.

आणि अगदी शेवटी, बालाजी, कुलपात किल्ली अडकल्याचा आवाज. दोनदा खडखड. शटर वर गेल्याचा आवाज. मग एक माणूस.

"देवा… उशीर झाला रे."

माझा आवाज. लाइट दोनला गेली होती, सातला आली. आणि त्या खोलीत माईक नव्हताच.

भिकाबाईनं डोळे मिटले, सीडीच्या डब्यावर हात ठेवला.

"उघडलं बाई," ती म्हणाली. "कोनीतरी उघडलं."