उजवा कान

हरणाच्या उजव्या कानाकडे बघायचं नाही. शिंगांचं माप डाव्या कानावरून घ्यायचं, दुप्पट करायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. का, ते विचारायचं नाही.

मनोहरकाकांनी हा नियम निधीला गाडीत दोनदा ऐकवला होता. केबिनवर पोचल्यावर मात्र, रत्नाकाकूंसमोर, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की पाऊस मागे राहतो, गवत पिवळं पडतं आणि म्यूल डिअर दिसू लागतात. खेचरासारखे लांब कान, म्हणून ते नाव. दर ऑक्टोबरात मनोहरकाका आणि निधीचे बाबा इथे येऊन एक मोठा नर मारत. पुढे वर्षभर त्याचा रस्सा होई, आणि पहिली वाटी नेहमी रत्नाकाकूंची. त्यांचे यजमान, देवदत्तकाका, याच उतारावर धुक्यात वाट चुकून नदीत वाहून गेले होते. निधी तेव्हा शाळेत होती. काकूंना कोणी विसरलेलं नाही हे दाखवायची ही रीत, असं तिला वाटत आलं होतं.

यंदा काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, बाबांचे हात थरथरणारे. म्हणून दुर्बिणीतून बघायला निधी. वाइल्डलाइफ बायॉलॉजीची तिची डिग्री अजून फ्रेममध्येही गेली नव्हती.

उजाडत होतं. तिघं एका खडकाआड पालथी पडली होती. खाली दरीत धुकं साचलेलं. निधीचा उजवा कान टोपीखाली खाजत होता. काल रात्री काकूंनी गेल्या वर्षीच्या मांसाचं शेवटचं पाकीट शिजवलं होतं, आणि तो रस्सा खाल्ला की तिचा कान असा खाजायचाच. लहानपणापासून.

"काका, एका बाजूचं माप घेऊन दुप्पट करणं हा मूर्खपणा आहे," ती कुजबुजली. "कान ताठ असले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण एकवीस इंच. दोन्ही बाजूंना शिंग कानाच्या किती बाहेर जातंय ते बघायचं आणि त्यात मिळवायचं. शिंगं कुठे सारखी असतात?"

"तू डिग्री घेतलीस. मी हरणं घेतलीयत."

"कुठायत? एक डोकं नाही तुमच्या भिंतीवर. शिंगं मोजायची एवढी हौस, आणि डोकं दरवर्षी इथेच पुरून येता."

"निधी, प्लीज," बाबा म्हणाले. "काका सांगतायत तेवढं कर ना."

ती आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात वास आला.

नराच्या अंगाला या दिवसांत मुताचा उग्र वास येतो, तो तिला माहीत होता. हा वेगळा वास त्या वासाखालून येत होता. बंद डब्यात विसरलेल्या मटणासारखा, गोडसर, जिभेवर चढणारा. तिनं नाक बाहीत खुपसलं. मग आवाज आला. कुटुक... कुटुक... कोणीतरी दाढेखाली काहीतरी कडक फोडत होतं, सावकाश, चवीनं.

धुक्यातून तो वर आला आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला.

निधीनं दुर्बीण लावली. शिंगं प्रचंड होती, पण त्यांच्यावरची मऊ कातडी अजून उतरलेली नव्हती. सप्टेंबरातच झडून जायला हवी ती. इथे ती चिंध्या होऊन लोंबत होती, ओली, काळपट, आणि प्रत्येक चिंधीच्या टोकाशी एक थेंब जमून होता. मानेवर गोचिड्या इतक्या दाट की कातडं हलल्यासारखं वाटत होतं. तोंड चालूच होतं. ओठांच्या कडेनं तांबडी लाळ गळत होती.

तरी शिकलेलं डोकं आपोआप कामाला लागलं. डावा कान आडवा, ताठ. शिंग त्याच्या बाहेर चार बोटं. आणि दुसऱ्या बाजूला?

तिनं दुर्बीण सरकवली.

उजव्या कानावर केस नव्हते. नुसती कातडी, निबर, सुरकुतलेली, माणसाच्या रंगाची. वरच्या कडेला, पू धरलेल्या भोकात, सोन्याची तार होती. तारेत दोन मोती, मध्ये लाल खडा.

भिकबाळी.

तीच भिकबाळी रत्नाकाकूंच्या हॉलमधल्या, हार घातलेल्या फोटोत होती. शनिवारच्या पार्टीला पोरं ती ओढायला धावायची आणि देवदत्तकाका सुपारी चघळत ओरडायचे, "अरे, कान येईल हातात!"

कुटुक... कुटुक...

"आकडा," मनोहरकाका म्हणाले. बंदुकीच्या दस्त्याला त्यांचा गाल टेकला होता. "आकडा बोल, निधी."

"त्याच्या कानात..."

"बघू नकोस म्हटलं होतं ना!"

ती बाबांकडे वळली. बाबा मातीत तोंड घालून पडले होते.

"ते नदीत वाहून नाही गेले," ती म्हणाली. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"देवदत्त स्वतः मारलेल्या हरणाचं डोकं पाठीवर बांधून आणत होता गं..." बाबांचा आवाज मातीतून आला. "धुकं होतं. मला शिंगंच दिसली. मी आकडा सांगितला... आणि मनोहरनं..."

"मग दरवर्षी हा..."

"दरवर्षी येतो," काका म्हणाले. "आकडा ऐकतो, गोळी घेतो, पडतो. मग वर्षभर शांत. एकदा आम्ही आकडा सांगितला नाही. रात्रभर केबिनच्या खिडकीशी उभा होता, रत्ना झोपली होती त्या खिडकीशी. काच चाटत होता. बोल आता. एक आकडा आहे फक्त."

"आणि तुम्ही त्याचा रस्सा काकूंना वाढता. पहिली वाटी."

"टाकून देववत नाही," बाबा म्हणाले. "आपलाच माणूस..."

खडकाच्या कडेला वाकून निधीनं कालचं सगळं बाहेर काढलं. तरी तिखटाची, तेलाची, त्या गोडसर मांसाची चव घशात चिकटून राहिली. आपण हे किती वर्षं खातोय? अजून वाढा म्हणून वाटी पुढे केलीय.

खाली तो एक पाऊल पुढे आला. कान तसेच आडवे, मापासाठी धरून ठेवल्यासारखे.

"निधी," काका हळू म्हणाले. "मोठ्यांचं ऐक. रत्नासाठी तरी."

तिनं तोंड पुसलं आणि ती सरळ उभी राहिली, बंदुकीच्या पुढ्यात.

"नाही. आकडा मिळणार नाही. माझ्याकडून नाही, आणि यापुढे तुम्ही दुसऱ्या कोणाच्या पोरांकडूनही घेणार नाही. मी आत्ता केबिनवर जाऊन रत्नाकाकूंना उठवते आणि इथे घेऊन येते. काय करायचं ते त्या ठरवतील. तुमचं ठरवून झालंय."

मनोहरकाकांनी बंदुकीची नळी तिच्यावरून बाजूला घेतली.

तिच्या पाठीमागे, दरीत, एक बारीक काटकी मोडली.

मनोहरकाकांची मान जागची हलली नाही. बाबांचीही नाही. पण दोघांच्या लोकरी टोप्यांखाली, उजव्या बाजूला, काहीतरी सावकाश उभं राहिलं आणि आवाजाच्या दिशेनं वळलं.

निधी त्यांच्याकडेच बघत होती. तिनंही मान वळवली नव्हती. तरी पाठीमागची ती चघळण्याची कुटकुट तिला आता फार जवळून, फार स्वच्छ ऐकू येत होती... फक्त उजव्या कानानं.