मीटरवर शून्य होतं

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे जा. वाद घालायचं त्राण ना माझ्यात उरलंय, ना ज्याच्यावर हे बेतलं त्या माझ्या मामात.

मामा इलेक्ट्रिशियन. गेल्या मार्चमधला शनिवार, दुपारचे तीन. एका मोठ्या लॉन्ड्रीची मागची खोली. फरशी ओली, साबणाचा वास, आणि मामाची सलग दुसरी पाळी. डोळे नुसते चुरचुरत होते.

सोबत मामीचा धाकटा भाऊ, मामाकडेच राहून काम शिकणारा. उठता-बसता शिट्ट्या मारतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. मामीनं मामाला बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. नीट सांभाळा."

"सांभाळतोय की! दोन वर्षं त्याची गाणी ऐकतोय, आणखी काय करू?"

पॅनेलमधली जळालेली तांब्याची पट्टी बदलायची होती. मेन स्विच पाडला. पॅनेलच्या पुढे मामा, मागे शिट्टी. मामानं मीटर लावून, वीज नाही ना बघून "मेली!" म्हणायचं, मगच शिट्टीनं हात घालायचा. असं ठरलेलंच होतं.

आणि त्याही आधी मामा मीटर एकदा चालू सॉकेटवर लावून बघायचा. आकडा नीट येतो ना, म्हणून. वीस वर्षांची सवय.

त्या दिवशी तेवढं राहिलं. कोण पुन्हा उठतंय, म्हणून त्यानं कंटाळा केला.

मीटरची काळी वायर जागेवर. लाल वायर जागेवर. टोकं पट्ट्यांना टेकवली.

शून्य.

"मेली रे! घाल हात!"

पलीकडे शिट्टीचं कुठलंसं गाणं चाललं होतं...

मध्येच तुटलं.

ना धडपड, ना ओरडणं. काहीच नाही.

मामानं सहज मीटरकडे पाहिलं.

बटण डीसीवर होतं. सकाळी इमर्जन्सी दिव्याची बॅटरी तपासली, तेव्हापासून तिथेच. पॅनेलमधली वीज एसी. डीसीवर ठेवून मोजली तर मीटर बापडा शून्यच दाखवणार.

त्यानं बटण एसीवर फिरवून टोकं पुन्हा टेकवली.

दोनशे एकतीस व्होल्ट.

मेन पाडूनही कुठूनतरी दुसरी लाइन आत येत होती.

"हात काढ! अरे, हात काढ!"



मग अगदी शांत आवाज. "झालंच, भाऊजी."

मामा मागे धावला. शिट्टी उघड्या पट्टीवर पाचही बोटं टेकवून उभा होता. स्वस्थ. चपला दाराशी काढलेल्या, पाय ओल्या फरशीवर.

मामानं झाडूच्या दांड्यानं त्याचा हात उडवला.

"अहो, लागलं ना!" शिट्टी म्हणाला.

बाहेर बाकावर बसून मामानं स्वतःची समजूत घातली. मीटरच बिघडला असणार. त्यानं बटण ओहमवर आणलं, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. बरोबर. मग स्वतःच्या बोटांत धरली. आठशे किलोओहम. अंगातून थोडी वीज जातेच, कुणीही धरा, काही ना काही आकडा येतोच.

"माझं बघा ना, भाऊजी." शिट्टीनं टोकं चिमटीत पकडली.

ओएल.

म्हणजे मध्ये काहीच नाही. टोकं नुसती हवेत धरली की येतं, तेच.

मामानं त्याची बोटं पाण्यात बुडवून पुन्हा मोजलं.

ओएल...

"किती आलं?"

"आठशे," मामा म्हणाला.

याला सात महिने झाले. शिट्टी कामावर जातो, पोटभर जेवतो, हसतो. गाणं मात्र त्या दिवसापासून एकही नाही. मामी म्हणते, बरं झालं बाई, पोरगा शहाणा झाला.

परवा जेवताना त्यानं हळूच विचारलं म्हणे, "भाऊजी, त्या दिवशी खरंच आठशे आलं होतं?"

मामानं ताटातून मान वर काढली नाही. "हो रे. आठशेच."

मला हे सांगताना मामा लहान मुलासारखा रडला. "माझ्या शब्दावर त्यानं हात घातला रे. आता तुझ्या मामीला काय सांगू, रोज कुणाला वाढतेस म्हणून?"



उद्या दुपारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. माझं पान नेहमी शिट्टीच्या शेजारी असतं.