तेरा लाल खुणा

या मुलांनो, पुढे सरका, मांडी घालून निवांत बसा. आज एका हुशार मुलीच्या फजितीची गोष्ट ऐकवायची आहे, आणि त्या फजितीतून उगवलेल्या शहाणपणाची.

साल दोन हजार एकसष्ट. नाशिकच्या किमयाला एक कोडं सुटत नव्हतं. तिची शाल्मलीताई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती. घरी ऑनलाइन स्वयंमूल्यमापनात (आपणच आपली घेतलेली परीक्षा) ताईला रोज वीसपैकी वीस, आणि वर्गातल्या चाचणीत मात्र सहा. असं कसं? शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. ती पास झाली तरच ताईला चंद्रावरच्या जलकेंद्रात शिकायला जाता येणार होतं.

त्या संध्याकाळी चहाचं आधण ठेवून ताई सरावाला बसली. विद्यापीठाने दिलेला छोटा यंत्रमानव, पारखी, पडद्यावर प्रश्न दाखवी आणि ताई पटापट पर्यायावर बोट ठेवी. हिरवी खूण, पुन्हा हिरवी खूण. किमया आधणाकडे बघत होती.

"ताई, उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं गं?"

"पर्याय ब," ताई मान वर न करता म्हणाली.

"ब म्हणजे काय?"

ताईने पडद्यावरून बोट उचललं. मग म्हणाली, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाणी फुटून वेगळे होतात."

"चूक," पारखी शांतपणे म्हणाला. "आणि हाच प्रश्न तुम्ही एकवीस वेळा बरोबर सोडवला आहे."

गाठ इथेच होती. पहिल्या दिवशी ताईने उत्तरं बघूनच घरची चाचणी दिली, मग तीच पुन्हा पुन्हा. रसायनशास्त्र राहिलं बाजूला, पाठ झाली ती उत्तरांची जागा.

"म्हणजे कीर्तन न कळता नुसती मान डोलवावी, तसं चाललं होतं तुझं," किमया म्हणाली. ताईला हसू आलं नाही.

पारखीने समजावलं, की पाण्याचा रेणू (पाण्याचा सर्वांत लहान कण) उकळताना फुटत नाही. रेणू फक्त एकमेकांपासून लांब जातात. बुडबुड्यात असते ती वाफ, म्हणजे पाणीच. आणि स्वयंमूल्यमापनाचे गुण निकालात कुठेच धरले जात नाहीत. ते असतं चूक सापडावी म्हणून. आधी आपलं आपण आठवायचं, चुकलं तर लगेच कारण वाचायचं, दोन दिवसांनी पुन्हा आठवायचं. अशानेच ज्ञान मनात मुरतं. वैद्यापासून दुखणं लपवलं, तर औषध कशावर द्यायचं?

पारखीने पर्याय झाकले. ताईने स्वतःच्या शब्दांत उत्तरं दिली. सात हिरव्या खुणा, तेरा लाल. तिचे डोळे भरून आले. आता ही उठून जाणार, असं किमयाला वाटलं. पण ताई पहिल्या लाल खुणेखालचा मजकूर वाचू लागली: 'तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे, कारण...' आणि पुढे अगदी तिच्याच मनातला गैरसमज लिहिलेला.

"हे कुणी लिहिलं?" तिने हळूच विचारलं.

विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मंदाकिनी सबनीसबाईंनी, असं पारखीने सांगितलं. तीस वर्षं त्या मुलांच्या चुका आणि त्यांमागची कारणं वहीत उतरवत राहिल्या, आणि एकाही चुकीला हसल्या नाहीत. आता त्या हयात नाहीत.

परीक्षेपर्यंत तेरापैकी दोनच खुणा लाल उरल्या. ताई पहिली आली नाही, पास झाली. आज ती चंद्रावरच्या बर्फाचं पाणी करायला शिकते आहे.

तेव्हा लेकरांनो, तुमचंही उत्तर कधीतरी चुकेल. चुकू द्या. मात्र लाल खुणेखालचं कारण वाचण्याआधी सबनीसबाईंची क्षणभर आठवण काढा, आणि मनातल्या मनात हात जोडा.