चंदेरी चिकटपट्टी

खोटं बोलत असेन तर तोंडात उरलेल्या दोन दाढाही पडोत.

आयुष्यात थापा भरपूर मारल्या. बायकोला, सुनेला, दातांच्या डॉक्टरलासुद्धा. पण ही थाप नाही. म्हणूनच इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. शनिवार होता. सकाळचे सव्वानऊ. लख्ख ऊन. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी कधी नोकरी केलेली नसते. आमचं भूत ड्यूटीच्या वेळेला यायचं.

मी छापखान्यात खिळे जुळवायचो. वीस वर्षं. शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा डोळे मिटून ओळखायचो. माझा मावसभाऊ बारक्या, त्याला मीच तिथे चिकटवला होता.

मग मालकांनी कॉम्प्युटर आणला.

शिकायला कुणाला पाठवलं? बारक्याला.

"तुमचं आता वय झालं हो," मालक मला म्हणाले. मी तेव्हा बेचाळीसचा होतो!

कॉम्प्युटरला काचेची खोली मिळाली. थंड हवेचं यंत्र मिळालं. चपला बाहेर काढून आत जायचं. आणि फिरती खुर्ची... तिच्यात बारक्या.

त्या मशीनच्या पोटात स्वतःचं काहीच नव्हतं. बंद केलं की सगळं विसरायचं. रोज सकाळी त्याला फ्लॉपी भरवायची. पापडासारखी पातळ, काळी, चौकोनी. मग लाल दिवा लागायचा. आतून आवाज यायचा... कर्र... कर्र... कर्र. मग ते जागं व्हायचं आणि पहिला प्रश्न विचारायचं, आज तारीख काय? तेही त्याला ठाऊक नसे!

ती उठवायची फ्लॉपी छापखान्यात एकच होती. बारक्या ती रात्री घरी न्यायचा. तिच्या कडेच्या खाचेवर त्याने चंदेरी चिकटपट्टी लावली होती. पट्टी असली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही, म्हणे. अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी लावलेली.

घरी बायको म्हणायची, "अहो, बारक्याभाऊजींना घाम येत नाही म्हणे कामावर. तुमचे सदरे बघा!"

मी सदरे बघायचो. जळायचो.

त्या शुक्रवारी बारक्या जेवायला गेला. मशीन चालूच होतं. फ्लॉपी टेबलावर.

मला काही बिघडवायचं नव्हतं. शपथ. फक्त आपलीही एक असावी, एवढंच. कपाटात कोऱ्या फ्लॉप्या होत्या, त्यातली एक घेतली. फ्लॉपीची नक्कल करायची रीत त्याच्या वहीत लिहिलेली होती. मला वाटलं, ती पट्टी म्हणजे कुलूप. काढल्याशिवाय नक्कल होणार नाही. काढली.

मशीन विचारायचं, मूळची घाला. मी घालायचो. मग विचारायचं, नवी घाला. मशीनला फ्लॉपी घालायची खाच एकच, फ्लॉप्या दोन, आणि माझं इंग्रजी दिव्य. बाहेर पावलं वाजली की मी दाराकडे बघायचो...

कोरी मूळ समजून घातली. मूळ नवी समजून.

कोऱ्या फ्लॉपीची नक्कल त्या सोन्यासारख्या फ्लॉपीवर उतरली. दोन्ही कोऱ्या.

मी पट्टी परत चिकटवली आणि बाहेर आलो. संध्याकाळपर्यंत मशीन जागंच होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

शनिवारी सव्वानऊला बारक्याने फ्लॉपी घातली. कर्र... कर्र...

मशीन उठेना.

शाळेचं पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. मालक ओरडले, "एवढी एक वस्तू सांभाळता येत नाही? नसेल जमत तर खुर्ची सोड!"

दुसरी फ्लॉपी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मास्तरांकडे होती. चाळीस मैलांवर. बारक्याने स्कूटर काढली. निघताना त्याने फ्लॉपी हातात घेतली, कडेवर अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादा... पट्टी वाकडी लागलीय."

एवढंच. आवाजात राग नव्हता. त्याचाच मला राग आला.

तो परत आला नाही. वळणावर ट्रक होता.

पंधरा दिवसांनी खुर्ची मला मिळाली. मास्तरांकडे आठवडाभर शिकून नवी फ्लॉपी घेऊन आलो. रडलो होतो, खोटं नाही. पण त्या सकाळी चपला बाहेर काढताना मनात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, तेही खोटं नाही.

शनिवारच होता. सव्वानऊ.

दाराला हात लावला, आणि आतून...

कर्र... कर्र... कर्र.

लाल दिवा जळत होता. मशीनच्या खाचेत वाकून पाहिलं. रिकामी. नवी फ्लॉपी माझ्या खिशात.

पडद्यावर प्रश्न. आज तारीख काय?

मी त्या दिवसाची तारीख टाकली. चूक, म्हणालं. पुन्हा टाकली. चूक.

मग बोटांनी आपोआप ती दुसरी तारीख घातली. पंधरा दिवसांपूर्वीची, बारक्या गेला त्या शनिवारची.

मशीन मुकाट सुरू झालं...

आणि आता खरं सांगतो, मला लाज वाटते त्यापेक्षा जास्त खरं. मी घाबरलो, पण नंतर. आधी जळलो! मला खिशात फ्लॉपी असूनही जमेना, आणि ह्याचं मेल्यावर फ्लॉपीवाचून चालतंय!

मी मशीन बंद केलं. नवी फ्लॉपी घातली. उठेना. दुरुस्तीवाला आला, तीच फ्लॉपी त्याने घातली, उठलं. टायपिस्ट मुलीने घातली, उठलं. मी घातली... नाही.

"काका, हात धुऊन येताय ना?" ती मुलगी हसत म्हणाली.

महिनाभराने खुर्ची तिला मिळाली. मी परत खिळ्यांकडे गेलो. ज्याची खुर्ची त्याने मला बसू दिलं नाही. आणि मी कुणाला सांगू? सांगायचं तर पट्टीपासून सांगावं लागलं असतं.

आता नातीने मला लॅपटॉप दिलाय. "आजोबा, तुमच्या थापा लिहून काढा." कागदासारखा पातळ. त्याला फ्लॉपीची खाच नाही. असले आवाज करणारं त्याच्यात काही उरलेलंच नाही, ती म्हणते.

आज शनिवार. ही गोष्ट लिहायला बसलो तेव्हा सव्वानऊ झाले होते.

कर्र...

मला वाटलं, माझे गुडघे.

कर्र... कर्र.

नात दोन दिवस बाहेरगावी आहे. घरात मी एकटा. लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवला.

बोटभर चंदेरी पट्टी.

मी लावली होती ती वाकडी होती, हे मला चांगलं आठवतं.

ही अगदी सरळ आहे.