भिंतीवरची ओल

घरात ओल कुठून येते ते शोधणं हा माझा धंदा. कधी गच्ची गळते, कधी नळ पाझरतो, कधी शेजाऱ्याची मोरी. कारण सापडतंच. पोरं दादाच्या गळ्यात घालून मी आणि वहिनी त्या थंड, डोंगरातल्या गावी पोहोचलो, आणि हॉटेलच्या खोलीत शिरताच कुबट वास नाकात गेला. गाद्या दमट, उशीवर कुणाचे तरी केस, पडद्याला बुरशी. मी वैतागले.

वहिनी मात्र हरखून गेली होती. "वन्सं," मला चिडवायचं असलं की ती असंच म्हणते, "दोन दिवस कुणी 'आई' म्हणून हाक मारणार नाही! वासाचं काय घेऊन बसलीस?"

तिने चपला भिरकावल्या, पलंगावर उडी मारली, भिंतीकडे तोंड केलं आणि बडबडता बडबडता झोपलीसुद्धा.

तेव्हा मला ती ओल दिसली. तिच्या तोंडासमोर, बशीएवढी. बघता बघता आक्रसली, नाहीशी झाली. पुन्हा पसरली.

थंड भिंत, तोंडाची वाफ, दुसरं काय? मी मध्ये तळहात धरला. हातामागे ओल पसरतच राहिली. भिंत कोमट होती.

अंगावर शहारा आला, पण खोटं कशाला सांगू, मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. इतक्या भिंती ठोकून पाहिल्या, असली एकही नाही! मी वहिनीला गदागदा हलवून उठवलं.

"अगं, ही माझ्याबरोबर श्वास घेतेय!" ती टाळ्या पिटत ओरडली. ती हसली, ओल थरथरली. ती खिडकीपाशी गेली, तरी तोच ताल. लहान मुलींसारखा आमचा खेळ रंगला.

"थांब, आता गंमत बघ." तिने नाक दाबून श्वास रोखला.

ओल थांबली.

मग आपली आपण पसरली.

वहिनीने नाक सोडलं. दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

खाली मॅनेजर चहा पीत होता. "खोली बदलून द्या," मी म्हटलं, "भिंतीला ओल आहे."

त्याने कप खाली ठेवला. "भिंतीकडे तोंड करून कोण झोपलं होतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "मग बदलून उपयोग नाही."

आम्ही तडक बॅगा उचलल्या आणि मिळाली ती बस पकडली. गाव मागे पडलं तशी वहिनीची कळी पुन्हा खुलली. पोरांना काय काय रंगवून सांगायचं ते ती ठरवू लागली. बाहेर बोचरी थंडी, सगळ्यांच्या श्वासाने बसच्या काचा धुरकटलेल्या. तिच्याजवळची तेवढी स्वच्छ होती.

चित्र काढायला म्हणून तिने काचेला तोंड लावून जोरात श्वास सोडला. काच तशीच राहिली.

"काचच बिघडलीय वाटतं," ती हसत म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून वाकले आणि हळूच श्वास सोडला. काच पांढरी झाली.